भुसावळ ते पाल्पा: तरुण संघाच्या सेवा-सहलीचं पॅकेज घ्यावं का?

नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, तानसेन शहराच्या पुढे जीपच्या कच्च्या रस्त्यावर मगर नावाच्या जमातीच्या वस्तीचं एक गाव आहे. चर्चच्या तरुण संघांना तिथे आठवडाभर कामाला नेणारं हे पॅकेज बुटवलकडची एक छोटी ख्रिस्ती संस्था चालवते. नाव मुद्दाम देत नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्या या धंद्यातल्या बहुतेकांना लागू पडतात, एकट्या तिच्यावर खापर फोडायचं कारण नाही. नवापूर, नंदुरबार, धुळे, भुसावळ इकडच्या मंडळ्यांतले यूथ लीडर आणि पाळकसाहेब समोर ठेवून हा रिव्ह्यू लिहिला आहे.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी साडेतीन. मिस्त्री, मुक्काम आणि कायद्याची शिस्त उत्तम. कामाचं नियोजन मध्यम. हिशेबाचा कागद कच्चा. ज्या ग्रुपमध्ये अठराच्या आतली मुलं जास्त आहेत किंवा ज्यांच्या बॅगेत पत्रकांचे गठ्ठे आहेत, त्यांनी हे पॅकेज घेऊ नये.

दर सोनौली (आपल्या बाजूचं सरहद्दीवरचं गाव) ते सोनौली, सहा रात्री, माणशी साडेनऊ हजार. त्यात जीप, घरगुती मुक्काम, दोन वेळचं जेवण, दोन मिस्त्र्यांची मजुरी आणि ‘साहित्य’ म्हणून माणशी दोन हजार धरलेले आहेत. रेल्वे, गोरखपूर ते सोनौली बस, दुपारचा खाजा (हलकं खाणं), विमा आणि सिमकार्ड वेगळं. दरपत्रकात नुसतं ‘रु.’ छापलंय, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे साडेनऊ हजार आयसी (भारतीय चलन) म्हणजे १५,२०० एनसी (नेपाळी चलन). सरहद्दीपलीकडे कुठलाही भाव ऐकला की पहिला प्रश्न ‘आयसी की एनसी?’ हाच विचारायचा. जीपवाल्याशी आणि हॉटेलात तर नक्कीच. जवळ शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा ठेवा. नेपाळनं मोठ्या भारतीय नोटांवर डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती. पुढे नियम कसेही बदलोत, डोंगरातला दुकानदार पाचशेची नोट हातात घ्यायला तयार होत नाही. २०२४ पासून भारतीय यूपीआय नेपाळमधल्या क्यूआरवर चालतं, पण ते भैरहवा-बुटवलच्या दुकानांत. गावात रोख.

कागदपत्रांबद्दल संस्थेचं माहितीपत्रक अपुरं आहे, म्हणून इथे नीट लिहितो. व्हिसा लागत नाही. अठरावरच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक. आधार कार्ड या वयाला चालत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. अकरावी-बारावी करून नुकत्याच अठरा झालेल्या पोरांकडे ना पासपोर्ट असतो ना मतदार कार्ड. मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरून कार्ड हातात पडायला वेळ जातो, तेव्हा नावं ठरली त्या आठवड्यातच अर्ज करून टाकायचा. पंधरा ते अठरा वयाच्यांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा कॉलेजच्या प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळख प्रमाणपत्र लागतं. साधा बोनाफाईड पुरत नाही. सुट्टी लागल्यावर सही-शिक्क्यासाठी कॉलेजात कुणी भेटत नाही, हेही ध्यानात असू द्या. विमानानं जाणाऱ्या मोठ्यांनाही हीच दोन कागदपत्रं.

प्रवास: भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस थेट गोरखपूरला सोडते, नवापूर-नंदुरबार-अमळनेरकडच्यांनी सुरत लाईननं भुसावळ गाठावं. गोरखपूर ते सोनौली साधारण शंभर किलोमीटर, बस किंवा जीप. सरहद्द पायी ओलांडायची. पलीकडे बेलहियात संस्थेची गाडी उभी असते, आणि ती वेळेवर असते, हा या सेवेचा मोठा गुण. फक्त घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, कारण त्यांनी दिलेली वेळ नेपाळची. भैरहवा, बुटवल, मग सिद्धार्थ राजमार्गानं घाट चढून तानसेन. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. वाटेवरच्या पाट्या देवनागरीत असल्यामुळे आपल्या पोरांचं निम्मं दडपण इथेच उतरतं. तानसेनला १९५४ पासूनचं मिशन हॉस्पिटल आहे. नवापूर तालुक्यातल्यांना चिंचपाड्याचं हॉस्पिटल माहीत असतंच, त्याच धाटणीचं. गावापासून दवाखान्यापर्यंत जीपला किती वेळ लागतो आणि रात्री जीप कोण काढेल, हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहून ठेवायचं. संस्था ते आपणहून सांगत नाही.

आता कायदा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या मुलुकी अपराध संहितेच्या कलम १५८ खाली त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. माणूस परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. ही संस्था सोनौलीलाच प्रत्येकाकडून लेखी घेते: पत्रकं नाहीत, चौकात गाणी-संदेश नाहीत, आजाऱ्यासाठी घरोघर जाऊन प्रार्थना नाही, मदतीच्या बदल्यात चर्चला यायचं आमंत्रण नाही. काही लीडरना हे झोंबतं. पण तुम्ही रविवारी गाडीत बसून निघून येता, जबाब द्यायला स्थानिक पाळक उरतो. म्हणून या अटीला आम्ही पूर्ण गुण देतो. सोशल मीडियावरही ‘इतके आत्मे जिंकले’ छाप मथळे टाकू नका. फोटोत गावाचं नाव दिसत असेल तर मुळीच नाही. चर्चमध्ये, उपासनेत, गाणं-साक्ष यांना हरकत नाही.

उपासना शनिवारी असते. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे मंडळ्या शनिवारीच जमतात. पॅकेजची रचनाही तशीच आहे: सोमवारी संध्याकाळी गावात, मंगळवार ते शुक्रवार काम, शनिवारी उपासना, रविवारी सकाळी परतीला. म्हणजे जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही रविवार वाटेतच जातात. घरच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर परतल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. चर्चमध्ये चपला बाहेर, बैठक जमिनीवर, बाया आणि पुरुष बहुतेक ठिकाणी वेगळे. ‘जयमसीह’ म्हणून दोन्ही हात जोडले की ओळख झाली.

आता मूळ काम. माहितीपत्रकात ‘गावाला शौचालय बांधून देणे’ असं आहे. नेपाळ सप्टेंबर २०१९ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. गावात शौचालयं आहेत. गरज वेगळीच आहे: बऱ्याच घरांचा एकच खड्डा आहे, तो भरत आला आहे, आणि भरल्यावर काय करायचं हे कुणी सांगितलेलं नाही. अशा घराला दुसरा खड्डा आणि जंक्शन चेंबर (मैला या किंवा त्या खड्ड्यात वळवायची पेटी) जोडून देणं, हे आठवडाभरात नीट पुरं होणारं काम आहे. संस्थेचे मिस्त्री हे जाणतात. विचारलं तर सांगतातही. पण पॅकेज अजून शाळेच्या आवारात एका जागी दोन नवे खड्डे असंच आखलेलं आहे, कारण सगळा ग्रुप एका फोटोत येतो.

तिथलं गणित असं. पाच-सहा माणसांच्या घराचा खड्डा आतून एक मीटर व्यासाचा, सव्वा मीटरच्या आसपास खोल. बांधकामाची जाडी धरून खोदताना व्यास सव्वा मीटर लागतो, म्हणजे एका खड्ड्याची माती दीड-पावणेदोन घनमीटर. शाळेचा खड्डा याहून मोठा धरावा लागतो, पण अडचण तीच. सव्वा मीटरच्या गोलात टिकाव चालवायला एकच माणूस मावतो, वर माती ओढायला एक. दोन खड्डे म्हणजे चार माणसं कामाला. वीस जणांचा ग्रुप असेल तर सोळा जण काठावर उभे! मग त्यातले सहा रील काढतात, चार जण शाळेच्या भिंतीला नको असलेला रंग देतात. तेच सहा घरांचे सहा खड्डे एका वेळी काढले, तर बारा जण जोडी-जोडीनं दिवसभर गुंततात आणि प्रत्येक जोडीची एका घराशी ओळख होते. म्हणून बारापेक्षा मोठा ग्रुप नेऊ नका, आणि बुकिंगच्या वेळीच ‘शाळा नको, घरांचे दुसरे खड्डे’ असं लेखी मागा. मागितलं तर ते देतात.

खड्ड्यात चुकतं काय, तेही सांगतो. भिंत जाळीदार हवी, म्हणजे विटांच्या किंवा दगडांच्या मधे पाच सेंटिमीटरच्या आसपास फटी, मुरमाड मातीत चालतात तितक्या. माती वाळूसारखी ढासळणारी असेल तर फट बारीक. पाइप आत येतो त्याच्या वरचे थर मात्र बंद. तळ तसाच मातीचा. उत्साही पोरं ‘पक्कं’ करायच्या नादात आतून प्लास्टर फिरवतात. मग पाणी मुरत नाही आणि काही महिन्यांत टाकीसारखा खड्डा तुंबतो. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर. शौचालयाच्या भांड्यापासून येणाऱ्या पाइपाला १५ ला १ उतार. भांडं ग्रामीण पद्धतीचं, तीव्र उताराचं, पाण्याचा सील (वास अडवायला भांड्यात साठून राहणारं पाणी) वीस मिलिमीटरचा, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. शहरी भांडं बसवलं तर डोंगरावरून पाणी वाहून आणणाऱ्या बाईच्या डोक्यावर रोजचं ओझं वाढतं. चेंबरमध्ये एका बाजूचं तोंड वीट लावून बंद ठेवायचं. घाईत दोन्ही तोंडं उघडी राहतात, दोन्ही खड्डे एकदम भरतात, आणि दोन खड्डे करण्याचा अर्थच जातो. भरलेला खड्डा दोन वर्षं बंद ठेवला की आतला मैला कोरडं खत होतो. डोंगरउतारावर आणखी एक बघायचं: खालच्या अंगाला कुणाचा पँधेरा, म्हणजे पाणी भरायची जागा, आहे का. पाणवठा दहा मीटरच्या आत असेल, किंवा थेट उताराखाली असेल, तर जागा बदला. मिस्त्रीला हे माहीत आहे, पण ‘पाहुण्यांनी’ आखलेली जागा तो संकोचानं खोडत नाही. त्यालाच आधी विचारा: ‘दाइ, कहाँ खन्ने?’

सिमेंटची अडचण सुट्टीच्या तारखांशी बांधलेली आहे. बांधकामाला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. गुरुवार-शुक्रवारी चढवलेल्या कामावर तुम्ही जेमतेम दोन दिवस पाणी मारू शकता. पुढे घरधनी मारेल, असं गृहीत धरलेलं असतं. तो शेतात असतो. उपाय सोपा आहे आणि संस्थेनं तो नेमात घ्यायला हवा: खड्ड्यांची झाकणं ग्रुप येण्याच्या दहा दिवस आधी ओतून ठेवायची. दोन अर्धगोल तुकडे, पाच सेंटिमीटर जाडीचे, सळईसकट. सव्वा मीटरच्या झाकणाचा एक तुकडा साधारण सत्तर किलोचा होतो, चौघांनी उचलायचा. सध्या झाकणं ग्रुपच्या समोर गुरुवारी ओततात आणि शनिवारी बसवतात. अशा कच्च्या झाकणावर म्हैस चढली तर काय होईल ते सांगायला नको. झाकणं आधी झाली की उरलेल्या बांधकामाला मंगळवार-बुधवार पुरतात, आणि पाणी मारायची जबाबदारी नाव घेऊन एका माणसाला, थोड्या मजुरीवर, देता येते.

सामान वाहणं हा कामाचा असा भाग आहे ज्याचा माहितीपत्रकात उल्लेखच नाही. जीप थांबते तिथून घरं वर-खाली विखुरलेली. वाळू, विटा डोक्यावरून आणतात, त्या डोकोत. डोको म्हणजे निमुळत्या बुडाची बांबूची टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळाच्या वरच्या भागावर बसतो आणि वजन पाठीवर टेकतं. नवखा माणूस पट्टा भुवयांवर घेतो आणि मान मागे टाकतो. दुसऱ्या फेरीत मान धरते. पट्टा केस सुरू होतात तिथे, हनुवटी थोडी खाली, पावलं लहान, आणि पहिल्या दिवशी वीस किलोच्या वर नाही. ५० किलोची सिमेंटची गोणी फोडून दोन-तीन भागांत न्या, ओल्या गवतावर ठेवू नका. उतरताना गुडघे जास्त दुखतात, चढताना नाही. नवापूर-धडगावकडच्या पोरांना घरचाच डोंगर असल्यामुळे हे जमतं. शहरातल्या कॉलेजच्या मुलांना दोन दिवस लागतात.

इथे एक रास्त प्रश्न निघतो: हे सगळं सातपुड्यात का नाही? अक्कलकुव्याला, धडगावला एसटीनं पोहोचता येतं. उत्तर असं की दोन्ही करा, आणि सातपुडा आधी. ज्या ग्रुपनं गावाकडे, मिस्त्रीच्या हाताखाली, एक तरी जाळीदार खड्डा बांधून पाहिला आहे त्याला पाल्पात मंगळवारी दुपारीच काम सुचतं. ज्यानं नाही, तो शुक्रवारी शिकतो आणि रविवारी निघतो. नेपाळला जाण्याचा फायदा खड्ड्यांच्या संख्येत मोजाल तर तोटाच दिसेल. परक्या घरी पाहुणा होऊन, ते सांगतील ते काम करायचं, ही सवय आपल्याच तालुक्यात लागत नाही, कारण तिथे आपण साहेब होतो.

शाळेतले तास या पॅकेजचा सगळ्यात दुबळा भाग. दुपारी दोन तास ‘इंग्रजी आणि खेळ’ असं लिहिलंय. चार दिवसांत इंग्रजी येत नाही, आणि तेवढ्यात शिक्षकांचा पाठ मात्र बुडतो. त्याऐवजी तो वेळ मिस्त्रीकडे द्या, किंवा शाळेलाच विचारून एखादं ठरलेलं काम घ्या. मुलांसोबत एकटं राहायचं नाही, त्यांना मांडीवर घेऊन फोटो नाहीत, चॉकलेट-पेन वाटप नाही. द्यायचंच असेल तर शाळेच्या हाती. या संस्थेनं अनाथालयाची भेट पॅकेजमध्ये ठेवलेली नाही, हे फार चांगलं. नेपाळातल्या अशा घरांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलं घरापासून तुटतात. दुसऱ्या कुणाच्या पत्रकात ही भेट दिसली तर ते पॅकेज तिथेच सोडा.

जेवण साधं आणि भरपूर. सकाळी दहाच्या सुमारास दाल-भात, संध्याकाळी सातला पुन्हा दाल-भात, सोबत साग, अचार, कधी गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. भाकरीवर वाढलेल्या पोटाला दोन वेळा भात तिसऱ्या दिवशी जड जातो. दुपारच्या खाज्याला मकै-भटमास (मका-सोयाबीन) किंवा चिउरा (पोहे) मिळतो, त्याचे पैसे वेगळे. घरून लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि बिबडे न्या, पीठ नको, कारण यजमानांच्या चुलीजवळ बोलावल्याशिवाय जायचं नसतं. उष्ट्याचे नियम आपल्याहून कडक: बाटलीला तोंड लावायचं नाही, आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यायचं नाही. पाणी उकळलेलंच. टायफॉइड आणि धनुर्वाताची लस निघण्याच्या महिनाभर आधी घ्या.

हिशेब. माणशी दोन हजार साहित्याचे, बारा जणांचे चोवीस हजार आयसी. शेवटी मिळतो तो एका ओळीचा कागद: ‘साहित्य खर्च पूर्ण’. बुटवलच्या हार्डवेअर दुकानाचं बिल, गोण्यांची संख्या, उरलेलं सामान कुणाकडे, एवढं तरी हवं. संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदलेली आहे का, समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का आणि या कामाला वडा (वॉर्ड) कार्यालयाची संमती आहे का, हे तीन कागद बघायला मागा. हे कागद विचारल्यावर दाखवले जातात. आणखी एक आपल्या बाजूचं: चर्चच्या ट्रस्टच्या खात्यातून थेट नेपाळात खर्च करू नका. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टचा परदेशातला खर्च आयकराच्या सवलतीत सहसा धरला जात नाही. प्रत्येकानं आपला खर्च आपण द्यावा, आणि मंडळीच्या वर्गणीबाबत सीएला आधी विचारावं.

कधी जायचं? जून ते सप्टेंबर नाही: घाटात दरडी, पायवाटेवर जळवा, आणि खड्ड्यात पाणी. मे महिन्यात तराईतून जाताना उन्हाचा त्रास, पण डोंगरावर बरं. एप्रिलच्या मध्यावर नेपाळी नवं वर्ष आणि नव्या सत्राचे प्रवेश, तेव्हा शाळा गडबडीत असते, घरांच्या कामाला मात्र अडचण नाही. आपल्या दिवाळीच्या सुट्टीत तिकडे तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, असतो; मिस्त्री घरी, दुकानं बंद, पण गावची बाहेर गेलेली माणसं परतलेली. काम करायचं असेल तर दिवाळी टाळा आणि फेब्रुवारी-मार्च धरा. परीक्षा असलेल्यांना वगळून नोकरदार तरुणांचा ग्रुप करा.

तरीही दिवाळीतच जायचं ठरलं, तर रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं त्याच सकाळी बारा तिकिटं काढा. दिवाळी ते छठ या दिवसांत गोरखपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि छठ उरकला की हीच गर्दी उलट्या दिशेनं भुसावळ-मुंबईकडे येते. संस्थेची आगाऊ रक्कम माणशी दोन हजार, परत न मिळणारी. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ओळखपत्रं, मग दोन्ही बाजूंची पक्की तिकिटं, आणि त्यानंतरच संस्थेला पैसे.